घरातील अग्नीची निगा : बंबापासून गीझरपर्यंत

नवी मुंबईतील एखाद्या सदनिकेत अग्नी कोठे आहे, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागेल. चूल नाही, शेगडी नाही, बंब नाही. समईसुद्धा पुष्कळ घरी विजेची झाली आहे. तरीही अग्नी आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे : स्वयंपाकघरातील ओट्यावर आणि न्हाणीघरात किंवा त्याला लागून असलेल्या सज्जात, भिंतीवर टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत. शीत प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात जी भट्टी बसवितात, तिची गरज खाडीकाठच्या ह्या दमट हवेत नाही. अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तिला ‘फर्नेस’ म्हणतात आणि थंडी सुरू होण्यापूर्वी ती तपासून घेतात. आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे पाणी तापविण्याचा बंब, व त्याचा आजचा वारस म्हणजे गॅसचा गीझर. ह्या घरगुती अग्नीची निगा कशी राखावी, इंधन वाया कसे जाऊ नये आणि मुख्य म्हणजे जिवाला अपाय कसा होऊ नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. भाषाविज्ञानाच्या अध्यापिकेने ह्या क्षेत्रात का शिरावे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याला एक प्रसंग कारण झाला.

नेरूळ येथील आमच्या घरी एका हिवाळ्यात सकाळी स्नान आटोपून बाहेर येताना मला चक्कर आली. डोके जड झाले होते, मळमळत होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला तेव्हा पित्ताचा विचार मागे पडला आणि गीझरची शंका आली. दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिरास बोलाविले. त्याने नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, “ताई, गॅस कुठंच गळत नाही. बिनधास्त वापरा.” त्याचे विधान शब्दशः खरे होते. गॅस गळत नव्हता. पावसाळ्यात डासांच्या त्रासामुळे न्हाणीघराची झडपांची खिडकी आम्ही काच लावून बंद केली होती, गीझर चार वर्षे कोणी उघडून पाहिला नव्हता, आणि मला होणारा अपाय न जळलेल्या गॅसचा नसून अर्धवट जळलेल्या गॅसचा होता. हे कळावयास आणखी दोन दिवस आणि एक जाणकार स्नेही लागले. त्या कारागिराला दोष देण्याचा माझा हेतू नाही; ‘गॅस’ हा शब्द उच्चारताना त्याच्या आणि माझ्याही मनात एकच वस्तू होती, आणि ती चुकीची वस्तू होती.

ह्या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. आजच्या बोलण्यात ‘गॅस’ म्हणजे इंधन (“गॅस महागला”), गॅस म्हणजे टाकी (“गॅस संपला”), गॅस म्हणजे शेगडी (“गॅस पुसून घे”) आणि गॅस म्हणजे ज्योतसुद्धा (“गॅस बारीक कर”). पोटातील वायू व लग्नमंडपातील जुनी गॅसबत्ती ह्यांचा येथे संबंध नाही. एका शब्दाने इतकी कामे करावीत ह्यात वावगे काही नाही. रोजच्या वापरातील शब्दांचे असे होतच असते. परंतु ज्वलनातून जे निर्माण होते ते मात्र ह्या अर्थविस्तारातून नेमके वगळले गेले आहे. गंमत अशी की शब्दाचा जन्म त्याच अर्थाने झाला. सतराव्या शतकातील फ्लेमिश रसायनवेत्ता व्हॅन हेल्माँट ह्याने कोळसा जाळला असता उरलेल्या राखेचे वजन अगदी अल्प भरते हे पाहिले, आणि जे उरत नाही, अदृश्य होऊन निघून जाते, त्याला ग्रीक ‘केऑस’ ह्या शब्दावरून ‘गॅस’ असे नाव दिले. म्हणजे मूळचा गॅस हा जळणानंतरचा; आपला गॅस जळणापूर्वीचा. माझ्या न्हाणीघरात व्हॅन हेल्माँटचा गॅस होता आणि आम्ही तो मराठी गॅस समजून शोधत होतो.

आता जुन्या शब्दसंग्रहाकडे वळू. ‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला, ‘शेगडी’चा संबंध ‘शकटी’शी जोडतात, आणि ‘अंगारशकटी’ म्हणजे निखारे वाहून नेण्याजोगे अग्निपात्र. ‘बंब’ हा पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप ह्या शब्दावरून आला असे मानतात; म्हणूनच आग विझविणारा तोही बंब आणि पोटात आग बाळगणारा तोही बंब, अशी चमत्कारिक जोडी मराठीत आढळते. पण व्युत्पत्तीपेक्षा ह्या नामांबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. चूल सारवतात, तिला पोतेरे फिरवितात, तिच्यातील राख काढतात, जाळ पुढे सारतात किंवा मागे ओढतात, फुंकणीने फुंकतात, वैलावर भांडे सरकवितात. स्टोव्ह आला तेव्हा त्याच्याबरोबरही पिन मारणे, पंप मारणे, वॉशर बदलणे, वाती कापणे ही क्रियापदे आली. ही सारी निगेची क्रियापदे आहेत. गॅसबरोबर मात्र नंबर लावणे, बुक करणे, येणे, संपणे, पेटविणे व बंद करणे एवढीच येतात. पहिली चार व्यवहाराची, शेवटची दोन कळ फिरविण्याची. गॅसची निगा सांगणारे, सर्व घरांत सहज रुळलेले असे एकही क्रियापद मला सापडले नाही. ‘सर्व्हिसिंग’ हा शब्द आहे, पण त्याचा कर्ता नेहमी बाहेरचा माणूस असतो.

वाईस आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. त्याची रचना ठाऊक नसलेल्या तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मोठ्या पिंपासारखे भांडे, त्याच्या मधोमध खालून वरपर्यंत गेलेला नळा, नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी. जाळीवर ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या पेटवावयाच्या; नळ्याभोवती चहूबाजूंनी पाणी; खाली तोटी. इंधनाच्या दृष्टीने ही रचना फार शहाणपणाची होती. उघड्या चुलीवर लाकडातील उष्णतेपैकी साधारणतः दहा ते पंधरा टक्केच भांड्यास मिळते, कारण बाकीची आजूबाजूने निघून जाते. बंबात विस्तव पाण्याने वेढलेला असल्यामुळे उष्णतेला पाण्याला टाळून जाण्याची वाट कमी राहते, आणि नळाच धुराड्याचे काम करीत असल्याने हवा खालून जोराने ओढली जाते. निगा तीन गोष्टींची होती. जाळीखालची राख रोज काढावयाची, नाहीतर हवा कोंडते. नळ्यास आतून चढलेली काजळी मधूनमधून खरवडावयाची, कारण काजळीच्या थरातून उष्णता पाण्याकडे नीट जात नाही. आणि तिसरी गोष्ट आजी रोज पहाटे ओरडून सांगत असे : “आधी बंबात पाणी आहे का बघ गं, मग काडी लाव!” कोरडा बंब पेटविला तर सांधे सुटत. चिंचेने घासून बंब लखलखीत करणे हे चौथे काम होते. त्याचा उपयोग पाहुण्यांना.

ह्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण गीझरच्या निगेचे शास्त्र त्यांच्यापलीकडे फारसे जात नाही. फरक एका बाबतीत पडला आणि तोच प्राणांतिक ठरला. बंब धूर करी, म्हणून तो परसात, पडवीत वा न्हाणीघराच्या उघड्या कोपऱ्यात ठेवीत. गीझर धूर करीत नाही, म्हणून तो बंद न्हाणीघरात आला.

धूर म्हणजे अपाय आणि धूर नाही म्हणजे अपाय नाही, हे समीकरण आपल्या भाषेत खोलवर रुजलेले आहे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा देशव्यापी प्रसार झाला तेव्हा मराठीत त्यांना ‘निर्धूर चूल’ हे नाव मिळाले, आणि ‘निर्धूर’ हा शब्द ‘निर्दोष’ ह्याच्या जवळ जाऊन बसला. स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे धुरापासून वाचली पाहिजेत, हा त्यातील हेतू सर्वस्वी योग्य होता. धुराचा अपाय खराच आहे. पण धुराचा अभाव ही सुरक्षिततेची खूण नव्हे. नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकविले, पण उलट अनुमान चालत नाही हेही त्यांनीच बजावले : तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही, धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नेण्याची जी रीत होती तिच्यातही हीच गफलत होती. कोळसे बाहेर पेटवावयाचे, धूर जाऊन निखारे रसरशीत झाले की शेगडी आत न्यावयाची, बाजेखाली सरकवावयाची आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घ्यावयाच्या. रसरशीत निखारा हा कार्बन मोनॉक्साइडचा मोठा उगम आहे. ‘शेगडीची गुंगी आली’ अशा बोलण्यात त्याची अस्पष्ट जाणीव दिसते, पण ती एखाद्या ठाम नावापर्यंत पोहोचली नाही.

कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते येथे सांगणे अवश्य आहे. इंधनातील कार्बनास पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड बनतो. अपुरा मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड. ह्यास रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो, आणि मग श्वास चालू असूनही शरीराची उपासमार होते. प्रथम डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, पायांतील शक्ती जाणे. शेवटी दाराची कडी उघडण्याचेही बळ उरत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र दर्प येतो तो मरकॅप्टन जातीच्या द्रव्याचा. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळताना तो दर्पही जळून जातो. म्हणून वास घेऊन गीझरची परीक्षा करणे म्हणजे चोर निघून गेल्यावर कुलूप तपासणे होय.

थोडे अंकगणित केले म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. मिनिटास सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापविणारा गीझर दहा मिनिटांत पाण्यास सुमारे पंधराशे किलोकॅलरी उष्णता देतो. उपकरणातील तूट धरली तर त्यासाठी टाकीतील गॅस साधारण १७० ग्रॅम लागेल, आणि तेवढा गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे सव्वादोन घनमीटर हवा पाहिजे. आता चार फूट रुंद, पाच फूट लांब व आठ फूट उंच असे न्हाणीघर घ्या. त्यात सारी मिळून साडेचार घनमीटर हवा मावते. म्हणजे दार-खिडकी बंद असता दहा मिनिटांच्या स्नानात निम्म्या खोलीची हवा ज्योतीने वापरलेली असते, आणि तिच्यातून निघालेले वायू त्याच खोलीत परत मिसळलेले असतात. प्राणवायू कमी होऊ लागला की ज्योत विझत नाही. ती वाईट जळू लागते, आणि नेमका तेव्हा विषारी वायू वाढतो.

ह्यावरून पहिला नियम निघतो तो जागेचा. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या सज्जात असावा. आत असल्यास त्याचे जळके वायू नळीने थेट घराबाहेर सोडलेले असावेत आणि ताजी हवा आत येण्यास कायमची उघडी वाट असावी. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसविलेल्या ह्या शहरात, वाशीपासून खारघरपर्यंत, एक सवय सार्वत्रिक झाली आहे. मूळ आराखड्यात उघडा असलेला सज्जा रहिवासी सरकत्या काचा लावून बंदिस्त करतात. गीझर बाहेर असल्याचे समाधान राहते, पण बाहेर ते बाहेर राहिलेले नसते. जागा बदलणे ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान एवढे करावे : दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, थोडे थांबावे आणि मग दार लावून स्नान करावे. आमच्या घरी पहिल्या दिवशी एवढेच केले, आणि डोकेदुखी गेली.

दुसरा नियम काजळीचा. गीझरच्या पेटीत तांब्याच्या पातळ पत्र्यांची रांग असते. ज्योतीची उष्णता त्यांच्यामार्फत पाण्यास मिळते. पत्र्यांमधील फटींत काजळी साचली की वायूंना वर जाण्यास वाट उरत नाही; वाट उरली नाही की ज्वलन बिघडते; ज्वलन बिघडले की आणखी काजळी धरते. हे चक्र आपोआप थांबत नाही. आतून नळीत क्षारांचा थर बसला तर उष्णता पाण्याकडे न जाता वाया जाते. सबब वर्षातून एकदा जाणकाराकडून पेटी उघडून बर्नर, पत्रे व धुराची नळी साफ करून घ्यावी. कारागिरास ‘गॅस गळतो का पाहा’ एवढेच सांगू नये. ‘ज्योत कशी जळते, जळका वायू कोठे जातो ते पाहा’ असे सांगावे. शब्द बदलला की तपासणी बदलते, हा माझा अनुभव आहे. खाडीच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी भाग लवकर गंजतात, म्हणून येथे वर्षाचे दीड वर्ष होऊ देऊ नये.

ओट्यावरील शेगडीची निगा सोपी आहे, आणि ती घरच्या माणसाने करावयाची आहे. ज्योत निळी, स्थिर व आखूड असावी. तिचे टोक पिवळे पडू लागले आणि भांड्याचा तळ काळा होऊ लागला तर इंधन अर्धवट जळत आहे असे समजावे. (मीठ उतू जाऊन पडले असता दिसणारा पिवळा रंग सोडियमचा; त्याने घाबरून जाऊ नये.) पितळी बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन, भोके सुईने मोकळी करून, पूर्ण वाळवून बसवावा, भोके रुंद मात्र करू नयेत. भारतीय मानकानुसार टाकीच्या गॅसच्या घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. पण ती प्रयोगशाळेतील. ज्योत भांड्याच्या कडेबाहेर आली, झाकण घातले नाही किंवा बर्नर तुंबला की हा आकडा उतरतो. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. ‘सुरक्षा’ जातीची नळी पाच वर्षांनी बदलावी, चीर दिसल्यास त्याआधीच.

एक बाब नवी मुंबईच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसची वाहिनी येथील अनेक विभागांत आल्यामुळे पुष्कळ घरांत टाकी जाऊन नळाचा गॅस आला. बोलण्यात दोन्ही ‘गॅस’च, पण त्यांची प्रकृती उलट आहे. टाकीतील गॅस प्रोपेन-ब्यूटेनचा, हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला तर जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेच्या सुमारे निम्म्या वजनाचा. गळला तर छताकडे जातो. म्हणून खालची वाट उघडी ठेवण्याची सवय असलेल्या घराने आता वरची झडपही उघडी ठेवली पाहिजे. दर घनमीटरामागे मिथेनची उष्णता टाकीतील गॅसच्या निम्म्याहून कमी असते, म्हणून त्याच्या शेगडीचे जेट मोठे असतात. घर बदलताना नळावरची शेगडी वा गीझर तसाच टाकीला जोडला तर गरजेहून कितीतरी अधिक इंधन जाते, हवा पुरत नाही, आणि वर सांगितलेले सर्व अनर्थ एकदम उद्भवतात. उपकरण कोणत्या गॅससाठी आहे ते त्याच्या पट्टीवर लिहिलेले असते. ते वाचण्यास भाषाविज्ञान लागत नाही, तरी मी ते चार वर्षे वाचले नव्हते.

गळतीचा वास आला तर काय करावे, हे बहुतेकांस ठाऊक असते : विजेचे बटण लावू नये, बंदही करू नये; झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, टाकीचा गॅस असल्यास १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. न्हाणीघरात कोणी हाकेला उत्तर देत नसेल तर प्रथम दार उघडून त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून झोपवून ठेवू नये. तेथे ‘गीझर चालू होता’ हे आधी सांगावे, कारण त्यावरून डॉक्टर योग्य ती रक्ततपासणी करतात. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजविणारे लहान यंत्र आपल्याकडेही विकत मिळते. पुष्कळ शीत देशांत ते घरात असणे कायद्याने आवश्यक आहे. येथे ते फार थोड्या घरांत दिसते.

ह्या वायूस मराठीत नवे नाव घडवावे काय, असा प्रश्न विभागातील एका चर्चेत निघाला होता. माझे मत प्रतिकूल आहे. परिभाषाकोशातील शब्द न्हाणीघराच्या दारापर्यंत पोहोचत नाही. ‘जळका वायू’ किंवा ‘गीझरची कोंडी’ असे काही घरच्या घरी बोलले गेले तर ते अधिक उपयोगी पडेल. तथापि कोळशाच्या शेगडीचा अनुभव आपल्या लोकांस शतकानुशतके होता, आणि बाळंतिणीच्या खोलीतील त्या धूररहित गुंगीस एखाद्या बोलीत स्वतंत्र शब्द असणे असंभवनीय नाही. कोकणातील, खानदेशातील वा सीमाभागातील कोणा वाचकाच्या घरी असा शब्द ऐकण्यात असेल, तर तो गाव व बोलणाऱ्याचे वय ह्यांसह विभागाकडे अवश्य कळवावा.